साहेबांच्या मनात काय होतं? मरे विरुद्ध यूबीएस निकाल वाचताना

मागच्या लेखात सहसंबंध आणि कारण यांतला फरक बघितला होता. आज तोच प्रश्न लॅबमधून उचलून कोर्टात नेतेय. तिथे उत्तर चुकलं तर नुसता पेपर परत येत नाही, माणसाची नोकरी जाते. निमित्त आहे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 8 फेब्रुवारी 2024 चा निकाल, मरे विरुद्ध यूबीएस सिक्युरिटीज. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, एमएस्सी करून पीएचडीला आलेली मुलगी आहे. पण कारण सिद्ध करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे या निकालपत्राइतकं सोपं करून मला कुठल्या मेथडॉलॉजीच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मला त्यावर टीकाही करायची आहे.

आधी हकीकत. ट्रेव्हर मरे हा यूबीएसमध्ये रिसर्च स्ट्रॅटेजिस्ट. व्यापारी इमारतींच्या तारण कर्जांवर आधारलेले रोखे असतात, त्यांच्या बाजाराविषयी तो ग्राहकांसाठी अहवाल लिहायचा. तिथल्या नियमांप्रमाणे अशा माणसाला लिहून द्यावं लागतं की अहवालातलं मत माझं स्वतःचं आहे. मरेचं म्हणणं असं, की ट्रेडिंग डेस्कचे दोन वरिष्ठ अहवाल धंद्याला सोयीचे करून घेण्यासाठी त्याच्यावर दबाव आणत होते. डिसेंबर 2011 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2012 मध्ये त्याने हे आपल्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी सहानुभूती दाखवली, पण वर सांगितलं की आपल्या ‘आतल्या ग्राहकाला’ दुखवू नकोस.

पुढचा भाग नीट वाचा. थोड्याच दिवसांत त्याच साहेबांनी आपल्या वरच्यांना मेल केला, की मरेला मनुष्यबळाच्या यादीतून कमी करा. ते जमत नसेल तर त्याला ट्रेडिंग डेस्कवर विश्लेषक म्हणून पाठवा. (तिथे स्वतंत्र मताचं प्रमाणपत्र द्यायची भानगडच नव्हती!) डेस्कने त्याला घेतलं नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये नोकरी गेली. आणि काही आठवड्यांपूर्वी याच साहेबांनी त्याच्या कामाला फार चांगला शेरा दिला होता.

कंपनीची बाजूही होतीच. दिवस वाईट होते, पदं कमी करायची होती, त्यात हेही गेलं.

आता तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. नमुन्याची संख्या एक. कंट्रोल ग्रुप नाही. तक्रार न केलेला पण बाकी सगळा तसाच असा दुसरा मरे त्याच खुर्चीत बसवून बघता येत नाही. शिवाय खर्चकपात हा गोंधळात टाकणारा घटक समोर उभाच आहे. आपल्या सवयीने आपण म्हणू, शून्य परिकल्पना नाकारता येत नाही, विषय संपला. म्हणजेच शंकेचा फायदा दरवेळी कंपनीला.

एन्रॉन बुडाल्यानंतर 2002 साली आलेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने नेमकी हीच सवय उलटी फिरवली आहे. कर्मचाऱ्याने एवढंच दाखवायचं, की काढून टाकण्यात त्याच्या तक्रारीचा हातभार होता. एकमेव कारण नको, मुख्य कारणही नको, आणि पारडं अर्ध्याच्या थोडं पुढे झुकलं तरी पुरे. ते झालं की ओझं कंपनीच्या डोक्यावर. तक्रार केली नसती तरी आम्ही याला काढलंच असतं, हे तिने स्पष्ट आणि पटण्याजोग्या पुराव्याने दाखवायचं. म्हणजे ‘तसं झालं नसतं तर काय झालं असतं’ हा सगळ्यात अवघड प्रश्न कायद्याने त्या पक्षाला सोडवायला दिला, ज्याच्या कपाटात सगळ्या फाईली आहेत.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुका आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो, आणि 0.05 हा आकडा आकाशातून पडल्यासारखा वापरतो. इथे संसदेने उघडपणे ठरवलंय की कुठली चूक चालवून घ्यायची. एखाद्या कंपनीला विनाकारण भरपाई द्यावी लागली तर ते सोसू, पण खरं बोलणारा माणूस वाऱ्यावर पडू देणार नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा निर्णय इतक्या स्पष्टपणे लिहिलाय का, एकदा बघा.

2017 साली ज्यूरीने मरेच्या बाजूने कौल दिला. जवळपास 10 लाख डॉलर भरपाई, आणि वकिलांची फी व खर्च म्हणून वेगळे सुमारे 17 लाख 69 हजार डॉलर. (खर्चाचा आकडा भरपाईपेक्षा मोठा आहे, हे नजरेतून सुटू देऊ नका.) मग 2022 मध्ये सेकंड सर्किट अपील न्यायालयाने तो कौल रद्द केला. कारण काय, तर साहेबांच्या मनात सूड घेण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागेल, असं ज्यूरीला सांगितलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे खोडून काढलं. निकाल न्या. सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलाय. सार असं: तक्रार केली म्हणून माणसाला वेगळं वागवलं, एवढं पुरे. मनात आकस होता की नव्हता, याने फरक पडत नाही. समजा साहेबांना मरेबद्दल खरंच आपुलकी असेल, आणि ‘बिचारा इथे रमणार नाही’ असं वाटून त्यांनी त्याला काढलं असेल, तरी तो बदलाच. मला हे पटतं. आकस मोजायचं उपकरण कुणाकडेच नाही. तारखा, शेरे, मेल मात्र मोजता येतात.

आता टीका. हातभार किती लहान चालेल, हे न्यायालय सांगत नाही. एक टक्का? दहा? दुसऱ्या पायरीवर कंपनी आपली बाजू मांडेलच, असं म्हणून ते पुढे जातं. शिवाय न्या. अलिटो यांनी न्या. बॅरेट यांच्यासह स्वतंत्र टिपण जोडलंय. त्यांच्या मते आकस सिद्ध करायची गरज नाही, पण तक्रार हेच काढण्यामागचं एक कारण होतं एवढा हेतू तरी दिसायलाच हवा. एकमताच्या निकालात ही फट राहिली, आणि गेलेला शब्द मागच्या दाराने आत यायची सोय झाली.

पुढे काय झालं तेही बघा. प्रकरण पुन्हा सेकंड सर्किटकडे गेलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी ज्यूरीचा कौल दुसऱ्यांदा रद्द केला. या वेळी एका शब्दप्रयोगावरून. ‘तक्रारीचा निर्णयावर कोणत्याही प्रकारे परिणाम होण्याकडे कल होता का’, असा प्रश्न ज्यूरीला घातला होता. परिणाम होण्याकडे कल असणं वेगळं आणि परिणाम प्रत्यक्ष झालेला असणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

खरं सांगते, पहिल्या वाचनात मी मान डोलावली. सिगारेटमुळे कॅन्सर होण्याकडे कल असतो, म्हणून समोरच्या माणसाला झालेला कॅन्सर सिगारेटमुळेच झाला असं ठरत नाही. हा फरक आपण जपायलाच हवा. पण मग मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राकडे परत गेले. त्यात नोंद आहे की ज्यूरीने मध्येच या मुद्द्यावर खुलासा मागितला होता. तेव्हा न्यायालयाने उत्तर दिलं, की तक्रार माहीत असलेल्या कुणी त्या तक्रारीमुळे काढण्याच्या निर्णयावर कोणत्याही प्रकारे परिणाम केला का, ते बघा. यात ‘कल’ नाहीच. आणि या उत्तरावर यूबीएसने तेव्हा हरकत घेतली नव्हती. म्हणजे जो दोष ज्यूरीनेच विचारून दुरुस्त करून घेतला, त्यावर सात वर्षांनी अख्खा कौल पाडला. तीनपैकी एका न्यायाधीशांना हे मान्य नव्हतं. मलाही नाही. प्रश्नावलीतला पहिला मसुदा सदोष होता म्हणून, दुरुस्तीनंतर गोळा केलेला डेटा कुणी फेकून देतं का?

तक्रार 2011 ची, हा आदेश 2025 चा. कागदावर इतका कर्मचाऱ्याच्या बाजूने झुकलेला कायदा असून ही गत.

हे सगळं मी का वाचत बसले? पीएचडीच्या आधी दीड वर्ष मी एका टेस्टिंग लॅबमध्ये कंत्राटावर होते. तिथल्या एका सीनियर दादाने मॅनेजरला मेल केला, की एका सॅम्पलचं रीडिंग पास होईपर्यंत परत परत घेतलं आणि लॉगबुकात शेवटचंच लिहिलं. दोन महिन्यांनी तिघांची कंत्राटं संपत होती. दोघांची वाढवली, दादाची नाही. कारण, काम कमी झालंय. तो मला म्हणाला, ‘‘तू सायन्सवाली ना, सांग, मेलमुळेच ना हे?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, एका केसवरून कसं सांगणार?’’ तेव्हा ते उत्तर मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आपल्याकडचा 2014 चा जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अजून अमलात आलेला नाही. आला असता तरी तो सरकारी नोकरांच्या गैरकारभाराविषयीच्या तक्रारींसाठी आहे. खासगी कंपन्यांपुरतं बघायचं तर 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 177 आहे. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या आणि इतर काही ठरावीक कंपन्यांनी तक्रारीची यंत्रणा ठेवावी आणि तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तजवीज करावी, असं ते म्हणतं. पण मरेच्या कायद्यातली ती दुसरी पायरी, ‘तक्रार नसती तरी काढलंच असतं हे कंपनीनेच दाखवावं’, ती या कलमात लिहिलेली नाही. आणि आमची लॅब तर शेअर बाजारात नव्हतीच.

निकालपत्र वाचून झाल्यावर दादाला फोन केला. विचारलं, मेलची तारीख आठवते का, त्याआधीचं अप्रेझल आहे का. अप्रेझल होतं, घरी फाईलमध्ये, शेरा चांगला. मेल मात्र कंपनीच्या खात्यावरून केलेला, आणि ते खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहालाच बंद झालं होतं.