समुद्राचा तळ आणि मराठी शब्द

मराठी वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे. त्याची खोली मात्र फार थोडी आहे. हे विधान प्रथमदर्शनी कठोर वाटेल, म्हणून दोन श्रेष्ठ कवितांपासूनच आरंभ करणे बरे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना दिसलेला समुद्र हा मातृभूमीकडे नेणारा मार्गही होता आणि ताटातूट घडविणारा अपराधीही. ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये कुसुमाग्रजांनी उभा केलेला समुद्र मानवी जिद्दीचा प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही ठिकाणी समुद्राला उद्देशून बोलले जाते, आणि दोन्ही ठिकाणी समुद्र मानवी भावनेचे माप होऊन राहतो. काव्याचा तो अधिकारच आहे. त्याबद्दल तक्रार करणे अरसिकपणाचे होईल. आमची तक्रार गद्याबद्दल आहे. काव्य लाटांवर थांबले तरी चालेल. गद्याने बुडी मारावयास हवी होती.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याचा कॅप्टन निमो १८६९-७० मध्ये वाचकांसमोर आला. ‘चॅलेंजर’ जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागर दोरखंडाने मोजीत फिरले, त्याच्या आधीची ही गोष्ट. पुढे १८७४-७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये व्हर्नने उलगडा केला की, हा निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असून तो १८५७ च्या उठावात लढला होता. पराभूत हिंदी राजपुत्राला स्वातंत्र्य उरले ते समुद्राच्या तळाशी, ही कल्पना एका परकीयाला सुचली! भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मोठ्या प्रेमाने मराठी मुलांपर्यंत आणल्या, हे त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण मोठ्यांच्या वाङ्मयाने त्या धाग्याला हात लावला नाही. १९६० च्या जानेवारीत ‘त्रिएस्त’मधून दोन माणसे मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल जाऊन आली. त्यानंतर तरी समुद्रतळ हा केवळ बालवाङ्मयाचा विषय उरावयास नको होता.

यावर ठरलेले उत्तर असे की, मराठीला त्यासाठी शब्दच नाहीत. हे आम्हांस मान्य नाही. भूगोलाच्या तासाला आम्ही ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ शिकवितो. हे शब्द कोणा परिभाषा समितीने घडविलेले नाहीत. ते किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचे आहेत. ‘पाणबुडी’ हा शब्द यंत्राला लाभला, पण पाण्यात बुडी मारणारा पक्षी तो आधीपासून मिरवीत होता. शब्द आहेत, ते किनाऱ्यावरून वर्गापर्यंत आणि वर्गातून लेखणीपर्यंत यावयाचे राहिले आहेत.

हे हैदराबादेत बसून लिहिण्यास कारण आहे. जेथे लाटेचा आवाज पोहोचत नाही अशा या आमच्या नगरीत १९९९ पासून भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र कार्य करीत आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले. तेव्हा पूर्वसूचनेची व्यवस्था नव्हती. २००७ पासून ती येथून चालते. समुद्रतळावर ठेवलेले यंत्र वरच्या पाण्याचा दाब मोजते, ध्वनीच्या साहाय्याने ती वार्ता पृष्ठभागावरच्या तरंगत्या यंत्राला कळविते, आणि तेथून ती उपग्रहामार्फत या शहरात येते. इतका प्रवास करून आलेली वार्ता शेवटी शब्दांतच सांगावी लागते.

त्या शब्दांच्या तीन पायऱ्या आहेत : ‘वॉर्निंग’ म्हणजे किनारा सोडून उंच जागी जा, ‘अलर्ट’ म्हणजे पुळणीपासून व सखल भागापासून दूर राहा, ‘वॉच’ म्हणजे यंत्रणेने सज्ज राहावे, लोकांनी लगेच हलण्याचे कारण नाही. मराठीत घाईने लिहिणारा या तिन्हींसाठी ‘इशारा’ हा एकच शब्द वापरून मोकळा होतो. येथे शब्दाची उणीव शैलीचा दोष राहत नाही. तिची किंमत माणसाच्या प्राणांनी द्यावी लागेल. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

याच हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि उर्दूत शास्त्रीय परिभाषा घडविण्याचा मोठा उद्योग झाला. त्या उद्योगाचे गुणदोष काहीही असोत, विद्वान आणि साहित्यिक एका मेजाभोवती बसले, हे खरे. आम्ही परिषदेचे सभासद आणि शिक्षक यांनी निदान एवढे करावे : कोळ्यांचे शब्द जमवावेत, शास्त्रज्ञांकडून त्यांचे अर्थ पारखून घ्यावेत आणि मुलांच्या निबंधात समुद्र केवळ ‘अथांग’ म्हणून आला, तर त्याखाली तांबडी रेघ ओढावी. अथांग म्हणजे ज्याचा थांग लागत नाही तो. थांग लावणारी माणसे आपल्या गावात असताना हा शब्द सवयीने लिहीत राहणे आम्हांस आळस वाटतो.