प्रतिपक्षाला पहिला मान

देव आहे हे सिद्ध करायला बसलेला लेखक सुरुवात करतो ती देव नसल्याच्या बाजूने. थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या पहिल्या भागात, दुसऱ्या प्रश्नाचा तिसरा अनुच्छेद असा उघडतो. कॅथलिक तत्त्वचिंतनाची खरी ऐट मला इथे दिसते.

१२६५च्या सुमारास रोममध्ये सुरू झालेला हा ग्रंथ १२७३च्या डिसेंबरात अपुराच राहिला. त्यात अडीच हजारांहून अधिक अनुच्छेद आहेत आणि त्यांची घडण एकच : आधी पूर्वपक्ष, मग त्याला छेद देणारे प्रमाणवचन, मग लेखकाचा सिद्धान्त, शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. विद्यापीठांत भरसभेत चालणाऱ्या वादांची शिस्त इथे कागदावर उतरली आहे. शास्त्रार्थाची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही.

या अनुच्छेदात आक्षेप दोनच, पण दोन्ही वर्मावर बोट ठेवणारे. चांगुलपणा अनंत असेल तर वाईटाला जागाच उरू नये. जगात वाईट तर ढळढळीत दिसते. आणि निसर्गातले निसर्गाने, माणसाचे त्याच्या बुद्धीने व इच्छेने उलगडत असेल, तर आणखी एका कारणाची गरज काय? आजचा नास्तिकही याहून नेटके मांडणार नाही. थॉमस इथे ना उपहास करतात, ना मुद्दा पातळ करतात.

मग येतात ते देव आहे हे दाखवणारे प्रसिद्ध पाच मार्ग. दाखले अगदी साधे. काठी हलते, कारण हात तिला हलवतो. बाणाला काही कळत नाही, तरी तो लक्ष्य गाठतो, कारण धनुर्धराने नेम धरलेला असतो. मार्गांची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. आधी युक्तिवाद पुरा होतो आणि जे हाती येते त्यालाच मग देव हे नाव मिळते. श्रद्धेतले नाव तर्काच्या पायऱ्यांत आधीच घुसवलेले नाही.

वाईटाच्या आक्षेपाला प्राचीन ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन यांच्या आधाराने मोजक्या ओळींत उत्तर येते : देव वाईटातूनही चांगले घडवतो. दुःख भोगणाऱ्याला ते पुरेल असे मला वाटत नाही. आक्षेपाचे वजन उत्तरानंतरही जाणवत राहते. ते जाणवावे इतक्या ताकदीने थॉमस यांनीच तो मांडला आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८७९मध्ये परिपत्रक काढून थॉमस यांच्या अभ्यासाला नवी चालना दिली. पुढे बेल्जियममध्ये लूव्हाँचे तत्त्वज्ञानविषयक नियतकालिक १८९४मध्ये आणि अमेरिकेत थॉमस यांच्याच डॉमिनिकन संघाचे ‘द थॉमिस्ट’ १९३९मध्ये निघाले. पाच मार्गांवरचे हल्लेही थांबले नाहीत. १९६९मध्ये तत्त्वज्ञ अँथनी केनी यांनी पाचही मार्ग एकेक करून तपासले आणि अपुरे ठरवले. या परंपरेतल्या नियतकालिकाला कस लावायचा तर तो याच अनुच्छेदाचा : विरोधकाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आले आहे का? जिथे ते तसे येते, तिथे केनींसारख्या टीकाकाराशी वाद घालणारा लेखही थॉमस यांच्याच वाटेने चालत असतो.