प्रश्नचिन्हाचा विनोद

विनोदाची समीक्षा करताना आपण कथा, नाटके, फार तर कीर्तनातली आख्याने यांच्याकडे पाहतो. यंत्र घडवणाऱ्यांनी यंत्राच्या पोटातच लिहून ठेवलेला विनोद हाही वाङ्मयाचा एक प्रकार असू शकतो, हे मला १९९४ साली कळले. आणि ते फारशा सुखाच्या प्रसंगाने कळले असे नाही.

मी तेव्हा बेळगावात मराठी शिकवत होतो. आईच्या तोंडचे, इकडच्या बोलीतले शब्द जमवण्याचा नाद होता. ते संगणकावर नीट लावता येतील म्हणून संध्याकाळच्या एका वर्गाला नाव घातले. तिथे युनिक्सवर मजकूर लिहिण्यासाठी 'एड' नावाचा जुना एडिटर शिकवत. एके दिवशी रोमन अक्षरांत चाळीसेक शब्द अर्थांसह टाइप केले आणि बाहेर पडण्यासाठी 'क्यू' दाबले. पडद्यावर एकच चिन्ह उमटले, '?'. मी गोंधळून पुन्हा 'क्यू' दाबले. एड निमूटपणे बंद झाला आणि त्याच्याबरोबर शब्दही गेले. शिकवणारा तरुण मुलगा हसू दाबत म्हणाला, "सर, त्यानं विचारलं होतं की तुम्हाला!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिराच.

त्या प्रश्नचिन्हाचा मी पुढे बराच पाठपुरावा केला. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९च्या सुमारास एड लिहिला, तेव्हा पडदे सर्रास नव्हते. कागदावर छापणारी टेलिटाइप यंत्रे होती. त्यांचा वेग सेकंदाला दहा अक्षरांचा. जिथे प्रत्येक अक्षराची खडखड ऐकत बसावे लागते, तिथे बोलणे आपोआप तुटक होते. म्हणून नक्कल करण्याची आज्ञा 'सीपी', हलवण्याची 'एमव्ही', पुसण्याची 'आरएम'. फाइल निर्माण करण्याच्या 'क्रिएट' या शब्दातले शेवटचे 'ई'सुद्धा गाळलेले. युनिक्स पुन्हा लिहायला मिळाले तर काय बदलाल, या प्रश्नावर थॉम्प्सन यांनी नंतर ते 'ई' परत घालीन असे गमतीने सांगितले. तात्पर्य, एडचे प्रश्नचिन्ह काटकसरीतून आले होते, उद्धटपणातून नव्हे. त्याला विनोदाचे रूप आले ते नंतरच्या पिढीच्या हाती. यंत्रे वेगवान झाली तरी प्रश्नचिन्ह तसेच राहिले, म्हणून.

आपल्याकडे विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे प्रकार पाडण्याची रीत आहे. तीच फूटपट्टी येथे लावून पाहू.

शब्दनिष्ठ विनोद मुबलक आहे. लांब मजकूर पडदा-पडदा थांबवून दाखवणारी आज्ञा 'मोअर'. तिच्याहून अधिक काम करणारी दुसरी आली, तिचे नाव मात्र 'लेस'. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाच्या नावाचा विस्तार 'ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे' असा. म्हणजे नावाच्या पोटात पुन्हा तेच नाव, समोरासमोर ठेवलेल्या आरशांसारखे. बर्कलीच्या युनिक्समधील एका माहितीपानावर दोषांच्या यादीत अशी कोटी आहे की फाइलव्यवस्था 'ट्यून' करता येते, मासा नाही. यातला ट्यूना मासा ऐकू यायला कान इंग्रजीत वाढलेला हवा. बाजारात कानडी कोटीवर सारे हसत असताना, शेजाऱ्याचा चेहरा पाहून मागाहून हसण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. ही माहितीपाने वाचताना मला तो पानोपानी आला. शब्दनिष्ठ विनोद चतुर खरा, पण तो दार किलकिलेच ठेवतो.

प्रसंगनिष्ठ विनोदाचा नमुना म्हणजे 'व्हीआय' हा एडिटर. बिल जॉय यांनी तो १९७६ साली लिहिला. यात तीच कळ एका अवस्थेत अक्षर उमटवते आणि दुसऱ्या अवस्थेत हुकूम बजावते. अवस्था विसरून 'डी' दोनदा दाबला की ओळच नाहीशी. नवखा माणूस आत शिरतो आणि बाहेरची वाट सापडत नाही, यावरचे विनोद आजही जिवंत आहेत. सरकण्यासाठी एच, जे, के, एल ही विचित्र अक्षरे का? जॉय यांच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर त्याच कळांवर बाण छापलेले होते. सुटकेची 'एस्केप' कळही त्यावर आजच्या 'टॅब'च्या जागी, करंगळीजवळ होती. टर्मिनल गेले, सवय उरली. व्युत्पत्ती शोधणाऱ्याला यात मौज आहे. पण ती व्युत्पत्ती कळल्यावर, आधी नाही.

स्वभावनिष्ठ विनोद मात्र या दुनियेत थोडा आहे आणि तोच खरा मोलाचा आहे. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, एक काम थांबवून दुसरे सुरू करण्याच्या अवघड जागी एक शेरा आहे : हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. हा शेरा पुष्कळांनी गर्वोक्ती म्हणून मिरवला. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा अर्थी ते लिहिले होते, आव्हान म्हणून नव्हे. आणि खरी अडचण ही की तिथे काय चालले आहे ते आम्हालाही कळले नव्हते. हा खुलासा मूळ शेऱ्याहून श्रेष्ठ विनोद आहे. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची आठवण व्हावी असा. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, म्हणून वाचक त्याच्या घरात शिरू शकतो.

माझा आक्षेप आहे तो इथेच. या मंडळींचा स्वतःवर हसणारा विनोद मागे पडला आणि नवख्यावर हसणारा परंपरा म्हणून पुढे चालला. कुणी काही विचारले की 'आधी माहितीपुस्तक वाच' हे शिवी घालून सांगण्याची चार इंग्रजी अक्षरे रूढ झाली. माहितीपुस्तकात उत्तर असते, हे खरे. एडमध्येही आहे. प्रश्नचिन्ह आल्यावर 'एच' दाबले की चुकीचा खुलासा छापून येतो. पण तो मागावा लागतो, आणि मागता येतो हे आधी कुणीतरी सांगावे लागते. माझ्या वर्गात ते कुणी सांगितले नाही. काटकसरीने शब्द वाचवले हे क्षम्य आहे. ज्याला वेळ होता त्या माणसानेही ते वाचवले, याला मी विनोद म्हणत नाही.

ते चाळीस शब्द मी पुन्हा आठवून वहीत उतरवले. बहुतेक सापडले, काही आईलाही आठवेनात.

गेल्या दिवाळीत नातीच्या संगणकावर एड अजून आहे असे दिसले. तिने दोन ओळी लिहून 'क्यू' दाबले, प्रश्नचिन्ह आले. ती पुन्हा 'क्यू' दाबणार तोच मी म्हणालो, "थांब बाळ, आधी एच दाब." मजकूर बदललेला असल्याचा इंग्रजी इशारा उमटला. तिने तो वाचला, मजकूर जतन केला आणि मग विचारले, "आजोबा, हे त्यानं आधीच का नाही सांगितलं?" मी तिला टेलिटाइपची गोष्ट सांगितली, आणि मग आम्ही दोघे हसलो.