उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या

पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचून घेण्यास सांगितले, असे संत योहान आपल्या शुभवर्तमानात नमूद करतो. बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र तो सांगत नाही. कलावंताच्या मागे उरणाऱ्या तुकड्यांविषयीही हाच प्रश्न पडतो. वगळलेली गीते, अर्धवट चाली, चाचणीची मुद्रणे जपून ठेवावीत हे खरे. परंतु ती रसिकांपुढे मांडल्याने कोणाची भूक भागते? २५ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘क्वीन वन’ या संचाचा विचार या प्रश्नाच्या प्रकाशात करावा, असे मला वाटते.

‘क्वीन’ हा १९७० साली लंडनमध्ये स्थापन झालेला रॉक वाद्यवृंद. त्याचे दोन संस्थापक, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, अर्धशतक उलटून गेले तरी त्याच नावाने रंगमंचावर उभे राहत आले. मराठी ख्रिस्ती त्रैमासिकात या वृंदाची दखल कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना पाचगणीची आठवण करून द्यावी लागेल. या वृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या अँग्लिकन परंपरेच्या निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायनवृंदात गायला आणि १९५८ साली चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा आपला पहिला वाद्यवृंद त्याने उभारला. आमच्या मुळशीच्या खोऱ्यावरून सह्याद्रीचे डोंगर दक्षिणेकडे जातात. त्याच सह्याद्रीच्या एका पठारावर या मुलाच्या कानी ख्रिस्ती प्रार्थनागीते पडली.

आता संचाकडे वळू. पेटीत सहा सीडी, एक एल.पी. तबकडी आणि १०८ पानांचे पुस्तक आहे. एकूण ६३ मुद्रणे आहेत. १९७३ साली ‘क्वीन’ या नावाने निघालेला वृंदाचा पहिला गीतसंग्रह येथे नव्या ध्वनिमिश्रणासह सादर झाला आहे. सोबत चाचणीची मुद्रणे, स्टुडिओतील अर्धवट प्रयत्न, गायनाविना केवळ वाद्यांचे मुद्रण, बी.बी.सी.साठी केलेली मुद्रणे आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांतील गीते आहेत.

नव्या मिश्रणाविषयी माझे मत संमिश्र आहे. १९७२ साली या चार तरुणांपाशी पैसा नव्हता. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत इतर कलावंतांचे काम आटोपले म्हणजे, बहुधा रात्री, त्यांना मुद्रणाची संधी मिळे. तेथे मुद्रित झालेला ड्रमचा कोरडा, दबलेला आवाज मे आणि टेलर यांना कधीच रुचला नव्हता. तो आता सुधारला आहे. वाद्ये एकमेकांपासून स्पष्ट वेगळी ऐकू येतात, हा लाभ मोठा आहे. परंतु वृद्धापकाळी आपल्या तारुण्यातील पत्रांचे शुद्धलेखन सुधारावे, तसा काहीसा हा प्रकार झाला आहे. त्या कोरड्या आवाजात उसन्या वेळेत केलेल्या कामाची निकड होती. ती येथे विरळ झाली आहे.

याउलट दुसऱ्या सीडीवरील पाच गीते निर्विवाद मोलाची आहेत. १९७१ साली डी लेन ली या स्टुडिओला वेम्बली येथील नव्या जागेतील यंत्रणेची चाचणी घ्यायची होती. मोठ्या आवाजात वाजविणाऱ्या वृंदाची त्यांना गरज होती आणि या चौघांना फुकट मुद्रणाची. त्या देवघेवीतून ही मुद्रणे झाली. पुढील काळात या वृंदाच्या गायनाला जो भपका आला, त्याचा येथे मागमूस नाही. पंचविशीतील गायकाचा आवाज अजून स्वतःचा शोध घेत आहे. केवळ वाद्यांची सीडी मात्र अभ्यासकांपुरतीच उपयोगाची. सर्वसाधारण श्रोत्याने ती एकदा ऐकून बाजूला ठेवावी.

परंतु या संचाचे खरे महत्त्व एका गीतात आहे. ‘मॅड द स्वाइन’ हे मर्क्युरीचे गीत १९७२ साली मुद्रित झाले, पण निर्माता आणि वृंद यांच्यात ध्वनिमिश्रणावरून मतभेद झाल्याने संग्रहातून वगळले गेले. १९९१ साली ते एका दुसऱ्या गीताच्या जोडीला प्रथम बाहेर आले. आता ते मूळ क्रमात, चौथ्या स्थानी, परत बसविले आहे. या गीतातील वक्ता सांगतो की तो फार पूर्वी एकदा येऊन गेला आहे, तेव्हा त्याने लोकांना अन्नपाणी दिले होते आणि आता वरून प्रेमाचा निरोप घेऊन तो पुन्हा आला आहे. लोक मात्र त्याला वेडा म्हणतात आणि डुकराचे नाव देतात. यहुदी नियमशास्त्रात डुक्कर हा अशुद्ध प्राणी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या उपहासाची धार कळते. येशूला भ्रम झाला आहे अशा समजुतीने त्याचे आप्त त्याला धरावयास निघाले होते, हे संत मार्कने तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहेच.

हे गीत परतल्याने साऱ्या संग्रहाचा अर्थ बदलतो. सहाव्या स्थानी ‘लायर’ हे दीर्घ गीत आहे. त्यात एक मनुष्य पापनिवेदनासाठी येतो, ‘फादर’ म्हणून हाक मारतो, आत घेण्याची विनवणी करतो. आणि उत्तरादाखल चहूकडून ‘खोटारडा’ हाच एक शब्द त्याच्यावर आदळतो. पापनिवेदनासाठी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हे गीत एकदा अवश्य ऐकावे. पश्चात्ताप करणाऱ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही, तर त्याने कोठे जावे? दहाव्या स्थानी ‘जीझस’ येते. तेथे गर्दीतून एक कुष्ठरोगी पुढे येतो, आपल्या अशुद्धतेची घंटा वाजवितो, पाया पडतो. मस्तकावर एका हाताचा स्पर्श होतो आणि तो नवा मनुष्य होऊन जातो. घंटा शुभवर्तमानात नाही. ती मध्ययुगीन युरोपातून आली आहे. स्पर्श मात्र थेट संत मार्कच्या पहिल्या अध्यायातील आहे. बेथलेहेमचा तारा आणि तीन ज्ञानी यांचा उल्लेख या प्रसंगानंतर येतो. आधी बरे करणारा प्रभू आणि मग त्याचा जन्म, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. गीताच्या उत्तरार्धात गिटारची बेफाम धावपळ इतकी लांबते की त्या स्पर्शाची शांती विस्कटते, हा दोष नोंदविला पाहिजे. १९७१ च्या मुद्रणातही तो आहे.

१९७३ च्या संग्रहात ‘जीझस’ हे एका तरुणाचे क्षणिक कुतूहल वाटे. आता तीन गीते एका सूत्रात उभी राहतात: अशुद्ध ठरविलेला तारणारा, अविश्वासाने परतविलेला पापी आणि स्पर्शाने शुद्ध झालेला रोगी. वगळलेला एक तुकडा परत आला आणि भाकरीचा आकार दिसला.

आपल्या साहित्यालाही हा अनुभव आहे. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची १६१६ साली राचोल येथे छापलेली पहिली आवृत्ती आज एका प्रतीनेही उपलब्ध नाही. श्रद्धाळूंनी हस्तलिखिते उतरवून जपली म्हणून तो ग्रंथ आपल्या हाती आला. आणि लंडनमध्ये देवनागरी प्रत सापडली म्हणून रोमी लिपीतील प्रतींशी तिची तुलना करता आली. तुकडे वेचणाऱ्यांचे ऋण आपण जाणतो.

मर्क्युरीला आपण ख्रिस्ती ठरवू नये. तो पारशी म्हणून जन्मला आणि त्याचे अंत्यसंस्कारही जरथुश्त्री विधीनेच झाले. त्याच्या जीवनातील सारेच आपल्या शिकवणुकीशी जुळणारे नव्हते, हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो मरण पावला. त्या काळी एड्सच्या रुग्णांच्या हाती समाजाने घंटाच दिली होती. शेजारी दार लावीत, नातलग नाव घेत नसत. वीस वर्षांपूर्वी या गायकाने कुष्ठरोग्याच्या मस्तकावर जो हात ठेवविला होता, तो हात त्यांच्यापैकी कितीजणांना मिळाला, हे आपल्या धर्मग्रामांनी स्वतःलाच विचारावे. पारशी घरातील एका मुलाला प्रभूच्या साऱ्या चरित्रातून नेमका तोच प्रसंग गावासा वाटला, ही गोष्ट मला कोणत्याही प्रवचनाइतकी मोलाची वाटते.

हिंजवडीच्या उद्योगांमुळे आमच्या मुळशी तालुक्यात नोकरीसाठी आलेले अनेक तरुण रविवारी मिस्सामध्ये गिटार वाजवितात. एवढी महाग पेटी विकत घेण्याचे कोणालाही कारण नाही. या संग्रहातील तीन गीते वर सांगितलेल्या क्रमाने ऐकावीत, त्यानंतर ‘जीझस’चे १९७१ चे मुद्रण ऐकावे आणि संत मार्कचा पहिला अध्याय उघडून शेजारी ठेवावा. युवकांच्या एका बैठकीला एवढे पुरेसे आहे. बाकीच्या टोपल्या अभ्यासकांसाठी राहू द्याव्यात.