कीटकांचा आकार : 'वाढ' आणि 'विकास' या संज्ञांचे परीक्षण

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखनात 'वाढ' आणि 'विकास' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. एकाच शब्दाची पुनरुक्ती टाळावी, एवढाच त्यामागील हेतू असतो. ललित लेखनात हा गुण ठरेल. परंतु भोवतालच्या परिस्थितीने कीटकांचा आकार कसा ठरतो, या प्रश्नाच्या बाबतीत ही सवय विषयाचा गाभाच नाहीसा करते. प्रस्तुत टिपणात हा दोष भाषाभ्यासाच्या दृष्टीने तपासावयाचा आहे.

'उष्णतेमुळे कीटकांची वाढ जलद होते' हे वाक्य पाहावे. ते खोटे नाही. तथापि ते वाचणारा विद्यार्थी उबदार हवेत कीटक मोठे होत असणार, असा तर्क सहजच करील. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट आहे. ज्यांच्या शरीराचे तापमान बाह्य तापमानावर अवलंबून असते, अशा सजीवांवरील प्रयोगांचा आढावा डेव्हिड अॅटकिन्सन यांनी १९९४ मध्ये घेतला. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक उदाहरणांत अधिक उष्णतेत पोसलेले जीव प्रौढपणी लहान भरले.

हे कोडे उलगडते ते दोन संज्ञा वेगळ्या ठेवल्या तरच. वाढ म्हणजे वस्तुमानात पडणारी भर. विकास म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत होणारे संक्रमण. पंख असलेल्या कीटकांत प्रौढावस्था आली की कात टाकणे थांबते, आणि आकार कायमचा ठरून जातो. म्हणून अळीची वाढ किती वेगाने होते एवढ्यावरच आकार अवलंबून नसतो. ती किती काळ चालते, हेही तितकेच निर्णायक असते. समजा, उष्णतेमुळे वाढीचा वेग दीडपट झाला, पण विकास त्वरेने होऊन वाढीचा काळ निम्म्यावर आला. तर एकूण भर पाऊणपटच पडेल. वेग वाढूनही आकार घटला, यात मग विरोधाभास उरत नाही.

तंबाखूच्या पानांवर जगणाऱ्या 'मॅंड्युका सेक्स्टा' या अमेरिकेतील पतंगाच्या अळीवर निजाउट, डेव्हिडोविट्झ आदी संशोधकांनी केलेले काम याच भेदावर उभे आहे. अळीने एक विशिष्ट 'निर्णायक वजन' गाठले की रूपांतराची अंतःस्रावी प्रक्रिया सुरू होते. मात्र खाणे थांबेपर्यंत आणखी काही काळ जातो, आणि त्या अवधीतही वजन वाढतच असते. आहार निकृष्ट असला तर निर्णायक वजनच बदलते. तापमानाचा त्या वजनावर फारसा परिणाम होत नाही. ते वाढीचा वेग वाढविते आणि पुढील अवधी आखूड करते. आहार आणि तापमान दोन्ही अळीचा आकार बदलतात, पण निरनिराळ्या वाटांनी. 'परिस्थितीचा वाढीवर परिणाम होतो' अशा मोघम विधानात या दोन्ही वाटा बुजून जातात.

'नियम' या शब्दाचेही असेच आहे. उष्णतेत आकार घटतो, या निरीक्षणाला 'तापमान-आकार नियम' म्हणतात. आणि नाकतोड्यांसारखे अपवाद दिसताच नियम कोसळला असे कोणी मानतो, तर कोणी अपवाद सोडून देतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रसंग परिचित आहे. ग्रिमच्या १८२२ मधील ध्वनिनियमाला अपवाद होते. कार्ल व्हेर्नर याने १८७७ मध्ये दाखवून दिले की त्यांतील एक मोठा गट मूळ भाषेतील आघाताच्या स्थानाने नियत झालेला आहे, आणि त्या कामी वैदिक संस्कृतातील स्वरांची साक्ष मोलाची ठरली. 'कॉर्थिपस ब्रुनियस' हा युरोपातील नाकतोडा उबदार हवेत अधिक मोठा होतो. वॉल्टर्स आणि हॅसल यांनी २००६ मध्ये त्याचा उलगडा असा केला : वाढीला लागणारे किमान तापमान विकासाच्या किमान तापमानाहून कमी असेल, तर उष्णतेत आकार घटतो, या नाकतोड्यात वाढीलाच फार अधिक उष्णता लागते, म्हणून परिणाम उलटतो. म्हणजे अपवादाचा खुलासाही याच दोन संज्ञांच्या भेदातून झाला.

यावर 'नवे शब्द घडवा' असा उपाय सुचविला जाईल. त्याची आवश्यकता नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आरंभीच 'वृद्धि' हा व्यवहारातला शब्द आ, ऐ आणि औ या तीन स्वरांपुरता बांधून घेतला, आणि पुढे त्या अर्थाशी इमान राखले. परिभाषेचे बळ शब्दाच्या नवलाईत नसते. एकदा ठरविलेला अर्थ अखेरपर्यंत पाळण्यात असते. 'वाढ' आणि 'विकास' हे दोन्ही शब्द आपल्यापाशी आहेत. ते केवळ शैलीसाठी अदलाबदलीने वापरू नयेत, एवढे पथ्य पाळले तरी मराठीतून हा विषय शिकणाऱ्याला कोडे कोठे आहे हे दिसू लागेल; आणि कोडेच न दिसलेल्या विद्यार्थ्याकडून संशोधनाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.