दारातली गोष्ट



गेल्या खेपेला आपण लेखाच्या शीर्षकाविषयी बोललो होतो. आज एक पायरी वर चढू. शीर्षक वाचून वाचक आत आला, तर दारातच त्याला कोण भेटतं? अलीकडे बहुतेक वेळा एक गोष्ट भेटते. रविवारच्या पुरवणीतला लेख असो, स्मरणिकेतलं मनोगत असो की निरोपसमारंभातलं भाषण, सुरुवात गोष्टीने. गोष्टीने सुरुवात करावी का, आणि केली तर त्या गोष्टीची लेखकावर काय जबाबदारी येते, हा आजचा विषय.

एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो. पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी चोच आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नव्याने झेप घेतो. टाळ्या. मग वक्ता मूळ मुद्द्यावर येतो. तो मुद्दा कधी स्वेच्छानिवृत्तीचा असतो, कधी दहावीच्या निकालाचा, तर कधी पतसंस्थेच्या नव्या शाखेचा. (हशा)

आता ही गोष्ट खोटी आहे. चोच आणि नख्या पक्ष्याच्या आयुष्यभर वाढत असतात आणि वापराने झिजत असतात. चोच तुटलेला शिकारी पक्षी खाणार काय? पाच महिने उपाशी राहून कोणताही गरुड जगत नाही. यावर कुणी म्हणेल, अहो, इसापाचा कोल्हा तरी कुठे बोलतो? बरोबर आहे. पण कोल्हा बोलू लागला की ऐकणाऱ्याला कळतं, आपण कल्पितात आहोत. तिथे फसवणूक नाही. गरुडाच्या गोष्टीत मात्र वयाचे आकडे असतात, महिन्यांचा हिशेब असतो. ती निसर्गातलं सत्य म्हणून सांगितली जाते आणि पुढचा सगळा उपदेश त्या सत्याच्या जामिनावर उभा राहतो. जामीनच खोटा निघाला तर पुढच्या व्यवहाराचं काय?

तरी खोटेपणा हा आमचा मुख्य आक्षेप नाही. मुख्य आक्षेप असा की ही गोष्ट कोणत्याही भाषणाला लावता येते. जी किल्ली सगळ्या कुलपांना लागते, ती किल्ली नव्हे, ते चोराचं हत्यार. तिला पुढच्या मुद्द्याचं काहीच सोयरसुतक नाही. तिचं काम एवढंच की लोकांनी खुर्चीत बसून राहावं.

ही भीती आम्हाला समजते. वाचक निघून जाईल ही भीती लिहिणाऱ्या प्रत्येकाला असते, आणि ती लाजिरवाणी नाही. पण त्या भीतीपोटी आम्ही स्वतः काय केलं, ते आज सांगितलं पाहिजे.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते वर्ष. आम्ही मराठवाड्यातल्या काही गावांत फिरून पाण्यावर एक लेख लिहिला. सुरुवात अशी केली होती: टँकरची वाट पाहत, रिकाम्या घागरींच्या रांगेशेजारी एक आजी बसली आहे, पदर डोक्यावर ओढलेला, नजर रस्त्यावर. तिच्या डोळ्यांविषयी दोन वाक्यं, हातांच्या सुरकुत्यांविषयी एक, आणि भेगाळलेल्या जमिनीशी त्या सुरकुत्यांची तुलना. मग नवा परिच्छेद: ऊस, धरणातला साठा, विंधनविहिरींची खोली, टँकरची कंत्राटं. लेख लोकांना आवडला. सुरुवात फार आवडली. पंधरा दिवसांनी एका वाचक बाईंचं पत्र आलं. दोनच ओळींचं. त्या आजींना त्या दिवशी पाणी मिळालं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आम्हाला माहीत नव्हतं. टँकर येण्याआधीच आमची जीप पुढच्या गावाला निघाली होती. आजीचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

हे पत्र आम्ही बरेच दिवस मनात वागवलं. सुरुवातीला वाटलं, हा प्रश्न माणुसकीचा आहे. आपण एका म्हाताऱ्या बाईला लेखाच्या दाराशी तोरणासारखं टांगलं आणि आत निघून गेलो. ते तर होतंच. पण नंतर लक्षात आलं की हा प्रश्न लेखनाचाही आहे. टँकर आल्यावर पाणी आधी कुणाला मिळतं? टँकर कुठे उभा राहतो, कुणाच्या घरापासून किती अंतरावर? ज्या घरात घागर उचलायला तरणा माणूस नाही, त्या घराचं काय होतं? हे सगळे प्रश्न त्या चित्रात बसलेले होते. गोष्टीने प्रश्न विचारला होता. वाचक बाईंना तो ऐकू आला, लिहिणाऱ्याला आला नाही. आमचा पुढचा लेख धरणाचे आकडे देत राहिला. आकडे खरे होते, पण गोष्टीने विचारलं एक आणि लेखाने उत्तर दिलं भलत्याचंच.

तेव्हापासून आम्ही जुन्या लोकांनी गोष्ट कुठे ठेवली आहे, ते पाहू लागलो. आपल्याकडे गोष्ट सांगून विचार मांडण्याची परंपरा फार जुनी आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरंच आहे. पण त्या परंपरेत गोष्ट पहिल्या पायरीवर क्वचितच बसते, हे सांगायचं राहून जातं.

पंचतंत्र पाहा. तिथे एखादं पात्र आधी एका श्लोकात गोष्टीचं सार सुचवतं: असं असं करू नये, नाहीतर अमक्यासारखी गत होते. ऐकणारं पात्र विचारतं, हे कसं काय? आणि मग गोष्ट सुरू होते. म्हणजे आधी कुतूहल जागं होतं, कुणीतरी तोंडाने प्रश्न विचारतं, आणि गोष्ट त्या प्रश्नाला उत्तर म्हणून येते. न विचारता कुणी कुणाला गोष्ट ऐकवत सुटत नाही.

आता मराठीत या. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळातला हा ग्रंथ. त्याची मांडणी तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे थोडक्यात सांगितलेला सिद्धान्त. दृष्टान्त म्हणजे गोष्ट. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला नेमकी कुठे लागू पडते, याचा खुलासा. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची प्रसिद्ध गोष्ट याच ग्रंथात आहे. ही गोष्ट आज कुठल्याही सभेत कुठल्याही कारणासाठी वापरली जाते. पण तिथे ती मोकळी सोडलेली नाही. आधी सूत्राने तिला बोलावलेलं आहे आणि नंतर दार्ष्टान्तिकाने तिला कामाला लावलेलं आहे. आजच्या लेखांमधून हरवतो तो हा तिसरा भाग. गोष्ट असते, मुद्दाही असतो, पण दोघांची सोयरीक जुळवणारं कुणी नसतं. मधे फक्त एक वाक्य असतं: ‘आज आपल्या समाजाचंही असंच झालं आहे.’ हे वाक्य दिसलं की आम्हाला शंका येते की जोडकाम इथे उरकलेलं आहे.

तिसरं उदाहरण नारदीय कीर्तनाचं. पूर्वरंगात बुवा नमन करतात, अभंग किंवा पद घेतात, त्याचं निरूपण करतात. मधे भजन होतं, बुवांना बुक्का लागतो, हार पडतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान, म्हणजे गोष्ट. आणि आख्यान संपवताना बुवा पुन्हा मूळ पदावर येतात. समोर शेतावरून दमून आलेली माणसं, मांडीवर पेंगणारी पोरं. गोष्ट आधी सांगून टाकण्याचा मोह बुवांना होत नसेल? पण गोष्ट मागे ठेवली की दोन गोष्टी साधतात. लोक तिच्या ओढीने बसून राहतात हे एक. आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या कानात पूर्वरंगातला अभंग वाजत असतो, हे दुसरं. तीच गोष्ट, पण ऐकणारा तयार झालेला.

यावर कुणी म्हणेल, अहो, कीर्तनाला आलेला माणूस रात्रभरासाठी आलेला असे. आजचा वाचक बसच्या थांब्यावर उभा आहे आणि त्याचा अंगठा सारखा वर सरकतो आहे. त्याला आधी सूत्र दिलं तर तो दृष्टान्तापर्यंत पोचणारच नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणून गोष्ट पहिली ठेवूच नका, असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच: सूत्र किंवा अभंग जे काम करत होता, ते काम आता त्या पहिल्या गोष्टीलाच करावं लागेल. म्हणजे तिने वाचकाच्या मनात प्रश्न उभा केला पाहिजे. तिने उत्तर दिलं तर ती जागीच संपली.

हे नीट साधलेलं पाहायचं तर इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख पाहावा. १९४९ च्या त्याच नावाच्या संग्रहातला. सुरुवात एका सभेने होते. सभेत लेखिकेची ओळख करून दिली जात आहे. ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी, हे सांगितलं जातं. नावं मोठी आहेत, ओळख आदराने दिलेली आहे. तरी तिला वाटत राहतं की या ओळखीत काहीतरी राहिलं. काय राहिलं, ते तिलाही सांगता येत नाही. पुढे रस्त्याने जाताना तिला शाळकरी मुलांचं बोलणं कानावर पडतं. आपल्या वर्गातल्या अमक्याची ही आई, असं एक मुलगा दुसऱ्याला सांगतो. आणि तिला वाटतं, ओळख पुरी झाली.

यात काय घडलं ते बघा. पहिला प्रसंग अपुरा आहे आणि तो अपुरा आहे हे लेखिकेने लपवलेलं नाही. उलट अपुरेपण हाच तो प्रसंग आहे. वाचक ती उणीव बरोबर घेऊनच पुढे जातो. दुसरा प्रसंग आला की पहिल्याचा अर्थ पालटतो. तो सभेचा प्रसंग काढून टाका, लेख उरतच नाही. शिवाय शेवट वाचून आपण गप्प बसत नाही. एका विदुषीची ओळख अखेर आईपणाने पुरी व्हावी का, यावर आजही वाद घालता येतो, घातला जातो. म्हणजे गोष्टीने उभा केलेला प्रश्न लेख संपल्यावरही जिवंत आहे.

याच्या उलट आपल्या लघुनिबंधाचं झालं. फडके, खांडेकर यांच्या हातात लहानशा प्रसंगावरून विचाराकडे जाण्याची ती रीत ताजी होती. पुढे तिचा साचा झाला. छत्री हरवली, की माणसाच्या हरवलेपणावर चिंतन. चष्मा फुटला, की दृष्टिकोनावर चिंतन. छत्री कुठे हरवली, पावसात भिजत घरी कोण गेलं, याच्याशी लेखकाला कर्तव्य नाही. तात्पर्य आधीच ठरलेलं आणि छत्री नंतर हरवलेली. वाचकाला हे कळतं हो. तो काही बोलत नाही, पण कळतं.

मग लिहिताना काय करावं? आम्ही आता स्वतःपुरत्या दोन परीक्षा ठेवल्या आहेत. पहिली: गोष्ट झाकून लेख वाचायचा. काहीच बिघडत नसेल तर गोष्ट काढायची, कितीही सुंदर असली तरी. दुसरी अधिक अवघड आहे. गोष्टीतलं माणूस खरं असेल, तर ते पहिल्या रांगेत बसून आपला लेख ऐकत आहे असं समजायचं. आपलं नाव निघालं, आपल्या सुरकुत्या निघाल्या, आणि नंतर तासभर आपल्याविषयी अवाक्षर नाही, हे बघून ते माणूस उठून जाईल का? जाईल असं वाटलं, तर लेख पुन्हा लिहायचा.

पाण्यावरचा तो लेख पुढे पुस्तकात घेताना आम्ही आजींना काढून टाकलं. खरं तर परत त्या गावी जायला हवं होतं, टँकर येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते आम्ही केलं नाही. आता लेख धरणातल्या साठ्यापासून सुरू होतो. तो पूर्वीपेक्षा कोरडा झाला आहे, आणि त्याची सुरुवात आवडल्याचं कुणी कळवत नाही. पण जे आपल्याला ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असल्याचा आव तरी त्यात नाही. त्या पत्राला उत्तर मात्र आम्ही आजवर लिहू शकलेलो नाही.

पुढच्या व्याख्यानात लेखाच्या शेवटाविषयी बोलू. तोवर आपण एक करावं. या आठवड्यात वाचाल त्या लेखांत पहिल्या परिच्छेदात भेटलेलं माणूस शेवटच्या परिच्छेदापर्यंत कुठे कुठे दिसतं, ते बघून ठेवावं. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.