‘घोटाळा’ झाला की केला? : राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा २०१० च्या लेखापरीक्षण अहवालाचे एक वाचन

मराठीत ‘घोटाळा’ हा शब्द मुळात गोंधळाचा वाचक आहे. नावात घोटाळा होतो, तारखेत घोटाळा होतो, दोन सारख्या पिशव्यांमुळेही घोटाळा होतो. अशा वाक्यांत कर्ता नसतो आणि तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. सार्वजनिक पैशाच्या अपहारासाठी हाच शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला तेव्हा त्याचा जुना निरागसपणा त्याच्याबरोबर आला. त्यामुळे ‘भ्रष्टाचार केला’ असे म्हणणारा मराठी भाषक ‘घोटाळा’ मात्र बहुधा ‘झाला’ असेच म्हणतो. प्रस्तुत टिपणात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेसंबंधीच्या लेखापरीक्षण अहवालाचे जे वाचन केले आहे, त्याचा प्रारंभ या व्याकरणिक निरीक्षणापासून करणे सोयीचे ठरेल.

दिल्ली येथे ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात एकोणिसाव्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा पार पडल्या. त्यांच्याविषयीचा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये संसदेत मांडण्यात आला. स्पर्धा दिल्लीच्या असल्या तरी महाराष्ट्राने हे प्रकरण घरचे म्हणूनच वाचले. संयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी हे पुण्याचे खासदार, १९९६ पासून भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष, शिवाय पुणे मॅरेथॉन व पुणे फेस्टिव्हल यांचे प्रवर्तक. राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी १९९४ मध्ये उभे राहिलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आणि तेथेच ऑक्टोबर २००८ मध्ये झालेली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा यांमुळे दिल्लीच्या आयोजनाची एक रंगीत तालीम मराठी वाचकाने आधीच पाहिली होती. घाटाखालच्या कर्जत-खालापूर भागातील क्रीडाशिक्षकांनाही बालेवाडी अपरिचित नाही.

या जवळिकीचा परिणाम वाचनावर झाला. एका व्यक्तीचा उदय आणि पतन अशी एक तयार कथा हाती आली आणि तीत सर्व तपशील बसवले गेले. टॉयलेट पेपरच्या एका गुंडाळीला सुमारे ४,००० रुपये, व्यायामयंत्रांचे खरेदीपेक्षा अधिक भाडे असे आकडे तोंडी झाले. २१ सप्टेंबर २०१० रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, तो या कथेचा कळसाध्याय ठरला. अशा तपशिलांना महत्त्व नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु खलपुरुष सापडला की आपली चौकसबुद्धी विसावते. आपल्या वाङ्मयीन समीक्षेतही पात्रचिकित्सेचा सोस जितका आहे तितका संविधानकाच्या विचाराचा नाही. तीच सवय येथे दिसते.

अहवालाचा विषय मात्र पात्र नाही, काळ आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे दिल्लीला यजमानपद मिळाले. हॅमिल्टनला २२ मते पडली, दिल्लीला ४६. तेथून स्पर्धेपर्यंत जवळजवळ सात वर्षे होती. त्यांतील २००६ च्या मध्यापर्यंतचा काळ जवळपास वाया गेला, असे लेखापरीक्षकांचे म्हणणे आहे. पुढचा युक्तिवाद अहवालाचा गाभा आहे आणि तो विलक्षण स्पष्ट आहे. निर्णयांना अनाकलनीय विलंब झाला. त्यातून कृत्रिम, किंबहुना जाणीवपूर्वक निर्मिलेली, निकड उत्पन्न झाली. उद्घाटनाची तारीख अढळ असल्याने विहित कार्यपद्धतींतून सूट मागणे आणि उदारपणे देणे एवढाच मार्ग उरला. आणि त्यात निविदापद्धतीचा बळी गेला. म्हणजे विलंब ही येथे अकार्यक्षमता राहत नाही, ती कार्यपद्धती होते. जो ठेकेदार मे महिन्यात तीन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक असतो तो सप्टेंबरमध्ये एकमेव असतो, आणि मग दर तोच ठरवतो. गावच्या जत्रेच्या आदल्या रात्री मांडव घालणाऱ्याशी घासाघीस करून पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

खर्चाच्या अंदाजाची वाढ या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. मे २००३ मध्ये तो २९७ कोटी रुपये होता. विविध शासकीय यंत्रणांचा खर्च मिळून पुढे तो १८,५३२ कोटींवर गेला. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण दुसऱ्यात नगरविकासाची अनेक कामे आली. पण कोणती कामे स्पर्धेची आणि कोणती शहराची ही सीमारेषाच पुसट ठेवली गेली, ही गोष्ट त्या तुलनेपेक्षा बोलकी आहे.

समितीच्या रचनेचा प्रश्नही अहवालाने तपशिलाने मांडला आहे. यजमानपदाच्या मूळ प्रस्तावात शासननियुक्त अध्यक्ष असलेली शासकीय संस्था अभिप्रेत होती. फेब्रुवारी २००५ मध्ये स्थापन झाली ती बिगरशासकीय नोंदणीकृत संस्था, आणि तिच्या अध्यक्षस्थानी ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष. तत्कालीन क्रीडामंत्री सुनील दत्त यांनी यावर आक्षेप नोंदवला होता. पैसा शासनाचा, हमी शासनाची, अधिकार मात्र संस्थेचा, अशी ही मांडणी. ही संस्था व ऑलिंपिक संघटना माहितीच्या अधिकाराखाली येतात हे सांगण्यासाठी जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. तेव्हा स्पर्धेला नऊ महिने उरले होते!

येथपर्यंत अहवालाशी सहमत झाल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती शैलीची आहे. प्रशासकीय गद्य कर्मणी प्रयोगात चालते. निर्णय ‘घेण्यात आला’, सूट ‘देण्यात आली’, खर्च ‘टाळता आला असता’. निकड जाणीवपूर्वक निर्मिली असेल तर ती कोणाच्या जाणिवेने, या प्रश्नापाशी वाक्य संपते. लेखापरीक्षकाचे काम पद्धती तपासण्याचे असल्याने त्याला याचा दोष देता येत नाही. पण फौजदारी न्यायालयाला हेतू आणि लाभ दाखवावा लागतो, आणि तेथे कर्त्याविना वाक्य चालत नाही. वेळमापन व गुणफलक यंत्रणेचे कंत्राट एका स्विस कंपनीला चढ्या दराने दिल्यामुळे नव्वद कोटींहून अधिक नुकसान झाले, असा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने कलमाडींना २५ एप्रिल २०११ रोजी अटक केली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांना जामीन मिळाला, २०१३ मध्ये आरोप निश्चित झाले. मनुष्यबळ व नियोजन सेवांच्या दोन अन्य कंत्राटांचा तपास मात्र पुराव्याअभावी बंद झाला. त्यांच्याशी निगडित प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाचा समाप्ती-अहवालही एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला.

या शेवटच्या घटनेचा अर्थ ‘काही घडलेच नव्हते’ असा लावला गेला. तो अहवाल न वाचल्याचा पुरावा आहे. एका संशयिताविरुद्ध, विशिष्ट कंत्राटांत, गुन्हा सिद्ध करण्याजोगा पुरावा न मिळणे ही कायद्याच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट आहे आणि तिचा लाभ संबंधितांना मिळालाच पाहिजे. पण उशिरातून निकड आणि निकडीतून सूट ही साखळी त्याने खोटी ठरत नाही. सारे प्रकरण एका व्यक्तीवर तोलून धरल्यामुळेच ती व्यक्ती सुटताच प्रकरणही विरघळले.

अहवालाबाहेर राहिलेला एक हिशेब आहे. अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेतील साडेसहाशे कोटींहून अधिक रक्कम स्पर्धेशी संबंधित कामांकडे वळवली गेल्याचे ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केले. मजुरांचे किमान वेतन, निवास आणि सुरक्षितता यांबाबतची हेळसांड दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने त्याच वर्षी नोंदवली. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे पळसदरी परिसरात ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही नोंद दूरची वाटणार नाही. निकडीची किंमत ठेकेदार शासनाकडून वसूल करतो. मजूर ती रात्रपाळीने देतो. या वळवलेल्या निधीला ‘घोटाळा’ हे नावसुद्धा फारसे मिळाले नाही, कारण तो कोणाच्या खिशात गेला नव्हता. तो रस्त्यांत आणि मैदानांत गेला होता, आणि म्हणून कथेत बसत नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगो येथे २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला; त्यात माहितीच्या अधिकाराची कक्षा शासकीय निधीवर अवलंबून असणाऱ्या संघटनांपुरती ठेवली आहे. दिल्लीला सात वर्षे मिळाली होती, अहमदाबादला पाचही नाहीत. वस्तूंचे दर २०३० मध्ये बाहेर येतील तेव्हा येतील. तोपर्यंत अभ्यासकांना तपासता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे: प्रत्येक निविदेची तारीख, आणि ती मूळ वेळापत्रकात कधीची होती.